मी बाबांना रागवायला लावलं

विमानतळाच्या काचेच्या दाराशी बाबांनी माझ्या हातात एक प्लॅस्टिकचा डबा दिला. आत औषधांची छोटी छोटी पाकिटं होती आणि प्रत्येकावर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ताप, पोट, खोकला, पित्त. शेवटच्या पाकिटावर होतं ‘बाकी काही’. त्यात काय आहे असं मी विचारलं तर म्हणाले, “हळदीची पुडी आणि दोन बँडेज.” आई रडत होती, तिला तशातही हसू आलं. पुण्याहून आणलेल्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर पार्किंगमधून सारखा फोन करत होता, आणि आमच्या मागे कुणाचे तरी वीसएक नातेवाईक घोळक्याने फोटो काढत होते. निरोप घ्यायला जेवढी शांतता लागते तेवढी तिथे कुणालाच मिळत नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मनू, कुणी काही चुकीचं बोललं तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं. नंतर बोलायला तोंड राहत नाही.”

हा त्यांचा दुकानातला नियम. सातारा रस्त्यावरच्या एका औषधांच्या दुकानात त्यांनी अडतीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून काढली. डॉक्टरचं अक्षर लागलं नाही की ते गिऱ्हाइकाला थांबवून डॉक्टरला फोन करायचे, मग मागे रांग कितीही लांबो. मला त्या क्षणी जरा रागच आला होता. पोरीला परदेशी पाठवताना लोक काहीतरी मोठं बोलतात, आणि आमचे बाबा काउंटरवरचं बोलतायत.

तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हा दोघांनाही अशा आठवणींत काय असतं ते पाठ आहे. पहिली थंडी, चुकलेली बस, कणीक कुठल्या दुकानात मिळते त्याचा शोध, आणि मग हळूहळू सगळं कसं छान झालं. माझंही झालं छान. पण ते कशावर झालं हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांनी ते एका दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं.

आधी बाबा कसे आहेत ते सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. बारावीनंतर चित्रकलेला जाते म्हटल्यावर घरात कुणी भुवई उंचावली नाही, कारण औषध कंपन्यांचे कोरे पॅड लहानपणापासून मला आणून देणारे बाबाच होते. पुढे मी संदीपशी लग्न ठरवलं. जात वेगळी. माझे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घरी येऊन तासभर बोलले. बाबांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, “दादा, तिने ठरवलंय आणि मला मुलगा आवडलाय. तू आलास तर पहिल्या पंगतीला बस. नाही आलास तर डबा पाठवीन.” काका आले नाहीत. बाबांनी लग्नाच्या गडबडीत खरोखर डबा पाठवला, वर दोन लाडू जास्त घालून. त्या तासाभरात त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता.

संदीप भूलतज्ज्ञ आहे. त्याला साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि मी त्याच्यामागे आले. आमच्या घरात सर्वांत लहान खोली माझ्या टेबलाला मिळाली. खिडकीतून शेजाऱ्यांचे कचऱ्याचे तीन रंगांचे बिन दिसतात, आणि कधी कधी बंदरातून निघणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजाचा भोंगा ऐकू येतो. पहिली अडीच वर्षं मी त्या खोलीतून वर्तमानपत्रांना आणि मासिकांना माझ्या चित्रांची पोस्टकार्डं पाठवत राहिले. उत्तर आलंच तर “लव्हली वर्क, वी विल कीप यू इन माइंड” एवढंच. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत डॉक्टरांच्या बायका, ज्यांतल्या निम्म्या स्वतः डॉक्टर, विचारायच्या, “तू काय करतेस गं?” चित्रं काढते म्हटलं की म्हणायच्या, “हो का? हॉबी छान आहे.” मी हसायचे आणि घरी आल्यावर संदीपवर खेकसायचे. त्याचा काय दोष होता, कोण जाणे.

मग कामं येऊ लागली. माझं काम म्हणजे वर्तमानपत्रातल्या लेखाच्या वर जे चित्र असतं ते. सकाळी दहाला आर्ट डिरेक्टरचा मेल येतो, त्याला ब्रीफ म्हणतात. लेख बऱ्याचदा अजून लिहूनही झालेला नसतो. दुपारी एकपर्यंत तीन कच्ची चित्रं द्यायची, त्यातलं एक ते निवडतात, आणि पक्कं चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी. विचार करायला वेळ नसतो आणि माणसं मनाने काढायला गेलं की हात चुकतात. कुणीतरी समोर उभं राहून दाखवावं लागतं. संदीप ऑपरेशन थिएटरमध्ये, शेजाऱ्यांना सांगायची सोय नाही. मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावायला लागले. आमच्या अकराला तिथे दुपार कलती झालेली असायची. बाबा तोवर निवृत्त झाले होते आणि वामकुक्षी आटोपून चहाची वाट बघत बसलेले असायचे.

फोन उचलला की त्यांचा पहिला प्रश्न, “आज मी कोण?” मी म्हणायचे, बँकेचा मॅनेजर. किंवा कोळी. किंवा बस चुकलेला म्हातारा. ते कपाटासमोर उभे राहायचे, आई फोन धरायची आणि वर सूचनाही करायची. “अहो, पोट आत घ्या, मॅनेजर आहात.” “अहो, कोळी असे इस्त्रीचे कपडे घालतो का?” पाच मिनिटांत माझं काम व्हायचं, मग ते दोघं चहा घेत मला समोर ठेवून गप्पा मारायचे. चित्र छापून आलं की मी पाठवायचे. बाबा ते झूम करून बघायचे आणि म्हणायचे, “हात माझाच आहे, चेहरा कुणाचा घेतलास?” इथल्या माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला काळ होता, आणि तो मीच नासवला.

साधारण सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीतून ब्रीफ आलं. आर्ट डिरेक्टरचं नाव हेलन. तिच्याकडून मला आलेलं ते पहिलंच काम. लेख होता आशियाई घरांमधल्या मुलींवर, ज्यांना बाहेर जायला, शिकायला, मनासारखं लग्न करायला बाप परवानगी देत नाही. लेख खोटा नव्हता, हे आधीच सांगते. अशा मुली आहेत, आमच्या गल्लीतही होत्या. मी तीन कच्ची चित्रं पाठवली. हेलनने उत्तर दिलं की कल्पना सुंदर आहे, फक्त वडील अजून पुरेसे भीतिदायक वाटत नाहीत.

मी बाबांना फोन लावला. “आज मी कोण?” मी पटकन म्हणाले, “हेडमास्तर.” खरं का नाही सांगितलं, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलंय. वाईट वाटेल त्यांना, असं त्या वेळी मनाशी म्हटलं. म्हणजे वाईट वाटण्यासारखं आहे, हे मला माहीत होतं.

“रागवून बोट दाखवा, बाबा.”

“कुणावर?”

“कुणावरही. पोरांवर.”

त्यांना जमेना. बोट वर जायचं आणि चेहरा ओशाळल्यासारखा व्हायचा. आई हसायला लागली तसे तेही हसायला लागले. इकडे माझी एकची वेळ जवळ येत होती आणि मी कातावले होते. मी म्हणाले, “बाबा, प्लीज, काम आहे हे माझं.” ते गंभीर झाले. जरा विचार करून म्हणाले, “थांब. तो एक माणूस यायचा दुकानात, खोटी चिठ्ठी घेऊन झोपेच्या गोळ्या मागायला. बायकोला द्यायला. त्याच्यावर रागावतो.” आणि त्यांनी बोट उचललं. मी तो चेहरा आयुष्यात पाहिला नव्हता. डोळे, जबडा, मानेची शीर, सगळं हवं तसं. मी भराभर स्क्रीनशॉट घेतले.

त्यांना ज्या एका माणसाचा खरा राग आला होता, तो एका बाईच्या जिवासाठी आला होता. तो राग मी उचलला आणि एका घाबरलेल्या मुलीच्या डोक्यावर नेऊन ठेवला. चित्रात बाप पानभर उंच, त्याची सावली आणखी उंच, आणि खाली कोपऱ्यात पुस्तक छातीशी धरलेली मुलगी. भुवया मी दाट केल्या, नाक तेच ठेवलं. अंगातला बिनबाह्यांचा स्वेटरसुद्धा तोच ठेवला, कारण त्याची नक्षी फार छान होती. आईने विणलेला, तपकिरीवर हिरव्या नागमोडी ओळी, आणि डाव्या खांद्याखाली मोजणी चुकल्यामुळे एक हिरवी ओळ जास्त. ती जास्तीची ओळही मी काढली. असे बारकावे चित्राला खरेपणा देतात, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

हेलनला चित्र अतिशय आवडलं. तिने लिहिलं की यात काहीतरी फार खरं आहे, हे तुझ्या स्वतःच्या अनुभवातून आलंय का? नाही, एवढा एक शब्द लिहायचा होता. पण नाही म्हटलं की मी उरले कोण? पोस्टकार्डं पाठवणाऱ्या शेकडो जणींतली एक. मी लिहिलं, “इन अ वे.” एका अर्थाने, हो. पुरवणी छापायला जायच्या आधी तिने पानाची प्रत पाठवली. चित्राखाली बारीक अक्षरात छापलं होतं की चित्रकार स्वतः अशाच घरात वाढलेली आहे. दुरुस्तीला दोन तास होते. मी चहा केला, कपडे वाळत घातले, पुन्हा मेल उघडला आणि लिहिलं, “लुक्स ग्रेट.”

शनिवारी संदीपने ते वाचलं. “अगं, हे काय लिहिलंय? बाबा असे आहेत? टेल देम ना, दे विल करेक्ट इट.” मी म्हणाले, त्यांची स्टाइल असते ती, जाऊ दे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ड्यूटीला गेला. माझ्या कामात तो पडत नाही. त्याचा हा चांगुलपणा मला फार सोयीचा पडला.

त्यानंतर काम थांबलं नाही. मुली, घर, धाक, इज्जत असलं काही असलं की संपादकांना माझं नाव आठवायचं. मंडळातल्या बायका आता म्हणायच्या, “तुझं चित्र पाहिलं हं पेपरात.” एका संस्थेने हेलनमार्फत विचारलं, अशा मुलींसाठी मदतीचं पत्रक काढतोय, त्यावर ते चित्र वापरू का? मी आनंदाने हो म्हटलं, चांगलंच काम होतं ते. पुढे एका आर्ट कॉलेजात मला बोलायला बोलावलं. भाषण झाल्यावर पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली, बहुधा बांगलादेशी घरातली, आणि तिने फार हळू आवाजात विचारलं, “तुम्ही आता वडिलांशी बोलता का?” त्याच सकाळी बाबांनी माझ्यासाठी केळेवाल्याची पोज दिली होती आणि हातातलं केळं नंतर खाऊन दाखवलं होतं. मी म्हणाले, “थोडंफार.” तिचे डोळे भरून आले. या एका शब्दाची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. बाबांना जे केलं ते केलंच, पण त्या मुलीला मी खोटा आधार दिला. ती मला तिच्यातलीच एक समजून घरी गेली.

इकडे बाबा अधूनमधून विचारायचे, “त्या हेडमास्तराचं काय झालं गं? तो दाखवला नाहीस.” मी म्हणायचे, ते नाही छापलं. ते म्हणायचे, “अरेरे, त्यात मी चांगला रागावलो होतो.”

गेल्या मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा इकडे आले. ते यायच्या आधी मी भिंतीवरची त्या चित्राची फ्रेम काढून माळ्यावर टाकली आणि स्वतःच्या वेबसाइटवरून ते चित्र उतरवलं. चोर जसा घर आवरतो तसं मी आवरत होते. आई इथल्या बागा बघून हरखली. बाबांना बागांपेक्षा औषधांच्या दुकानांत रस. हातात मिळेल तो कागद वाचायचा, ही त्यांची जुनी खोड. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं ते पातळ चिटोरंसुद्धा ते शेवटपर्यंत वाचतात. बसमधल्या सूचना, दुधाच्या बाटलीवरचा मजकूर, कौन्सिलचं कचरा उचलण्याचं वेळापत्रक, सगळं त्यांनी आठवडाभरात वाचून संपवलं.

मला रक्ततपासणीला जायचं होतं. सर्जरीत, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात. बाबा म्हणाले, “मी येतो, इथली पद्धत बघतो.” मला आत बोलावलं तेव्हा ते बाकावर बसले होते, अंगात तोच स्वेटर, कारण मे असून बाहेर गार वारा होता. दहा-बारा मिनिटांनी मी दंडावर कापूस दाबत बाहेर आले. बाबांच्या डोक्यामागे भिंतीवर पत्रकांची मांडणी होती आणि त्यांच्या हातात एक पत्रक उघडलेलं होतं. आतला मजकूर चार भाषांत होता. त्यांनी हिंदी उघडलं होतं आणि चष्मा लावून, बोट ओळीखालून सरकवत, शांतपणे वाचत होते. वरच्या पानावर त्यांचं चित्र, खाली ते स्वतः, आणि दोघांच्याही डाव्या खांद्याखाली एक हिरवी ओळ जास्त. समोरची एक बाई त्यांच्याकडे बघत होती. कदाचित सहजच बघत असेल. मला मात्र वाटलं, सगळा दवाखाना बघतोय.

बाबांनी पत्रक नीट मिटलं, खिशात ठेवलं, चष्मा काढला. दाराशी आल्यावर त्यांनी स्वेटर काढून घडी करून हातावर घेतला. बाहेर वारा होताच. बसमध्ये खिडकीशी बसले. चार-पाच स्टॉप गेल्यावर म्हणाले, “नक्षी चांगली आलीय.”

दोन दिवस ते नेहमीसारखे वागले. आईशी बोलले, संदीपबरोबर मॅच बघितली, मला भाजी निवडून दिली. मी वाट बघत होते की ते ओरडतील. ओरडले असते तर मी सुटले असते, असं मला वाटत होतं. म्हणजे अजूनही मी त्यांच्याकडून तेच मागत होते.

तिसऱ्या दिवशी आई शेजारच्या पंजाबी बाईंकडे गेली होती. बाबा स्वयंपाकघरात आमचा औषधांचा खण उपसून तारीख उलटलेल्या गोळ्या बाजूला काढत होते. मी समोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तो हेडमास्तर नव्हता हे, हेलनचा प्रश्न, चित्राखालची ओळ, आणि कॉलेजातली ती मुलगीसुद्धा. ऐकताना त्यांनी हातातली गोळ्यांची पट्टी बराच वेळ उलटसुलट केली.

मग म्हणाले, “मनू, एक विचारू? मी कधी रागावलो होतो का तुझ्यावर? तू लहान असताना, काही धाक वगैरे? मला आठवत नाही म्हणून विचारतोय. दोन दिवस आठवून बघतोय.”

ते माझ्याकडे खरोखर उत्तरासाठी बघत होते. सत्तरी उलटलेला माणूस दोन दिवस माझ्या घरात हिंडत होता आणि मनातल्या मनात स्वतःचा गुन्हा शोधत होता, कारण त्याच्या मुलीने छापील कागदावर तो काढला होता. छापलंय म्हणजे काहीतरी असेलच, असा त्यांचा कागदावरचा जुना विश्वास. मी “नाही, बाबा” म्हणाले. ज्या वेळी म्हणायचं होतं त्यापेक्षा सहा वर्षं उशिरा. मी टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. पाण्याचा पेला भरून माझ्यासमोर ठेवला.

थोड्या वेळाने म्हणाले, “आईला सांगू नकोस. तिने विणलाय तो.” आणि नंतर, “त्या पत्रकावरच्या नंबरवर कुणी उचलतं ना फोन?” उचलतं, असं मी सांगितलं. “मग पत्रक राहू दे,” म्हणाले, आणि गोळ्यांकडे वळले.

ते असतानाच मी हेलनला लिहिलं. सगळं खरं, कुठे ‘इन अ वे’ न लावता. हेलन वाईट बाई नाही. तिने लगेच कळवलं की वेबवरून चित्राखालची ती ओळ आम्ही काढतो, आणि सांगितल्याबद्दल आभार. कॉलेजला मी पत्र पाठवलं, पण ती मुलगी तिथून केव्हाच शिकून गेली होती. तिचं नाव मला माहीत नव्हतं. ते तसंच राहिलं आणि राहणार.

आई-बाबा परत गेले. फोन रोज होतो, आई समोर असते, बाबाही येऊन बसतात, हवा विचारतात, संदीपची नाइट आहे का विचारतात. आज मी कोण, हे मात्र आता विचारत नाहीत. मीही पोज मागत नाही. कपाटाला आरसा लावून घेतलाय आणि माणसं माझ्याच अंगावरून काढते. त्यामुळे माझे बँक मॅनेजर हल्ली जरा खांद्यात बारीक येतात. संदीप म्हणतो, आय थिंक ही हॅज फरगिव्हन यू. असेलही. माफी मिळाल्याने लाज जाते असं म्हणणाऱ्यांना बहुधा माफी मिळालेली नसते.

मागच्या महिन्यात हेलनचं पुन्हा ब्रीफ आलं. विषय तोच, मुलगी आणि करडा बाप. मी ताबडतोब नाही म्हटलं, आणि त्या नाहीचं मला भलतंच कौतुक वाटलं. तिने विचारलं, मग अशा पार्श्वभूमीची दुसरी कुणी सुचवशील का? मी सायलीचं नाव दिलं. सायली नागपूरची, सव्विसेक वर्षांची, बर्मिंगहॅमला नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, खोलीत बसून पोस्टकार्डं पाठवणारी. तिचा मला आभाराचा मेल आला, त्यात चार उद्गारचिन्हं होती. आपण कुणाला तरी हात दिला याचं समाधान घेऊन मी त्या दिवशी पुण्याला फोन लावला आणि बाबांना हे सगळं सांगितलं. शाबासकी हवी होती मला, दुसरं काय.

बाबांनी ऐकून घेतलं. “नाही म्हणालीस ते बरं केलंस.” मग म्हणाले, “त्या मुलीचे वडील कसे आहेत गं?”

मला माहीत नव्हतं. पार्श्वभूमी आहे असं मी हेलनला लिहून दिलं होतं, तेही सायलीचं आडनाव आणि गाव बघून. तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. नागपुरात कुणीतरी गृहस्थ चहाची वाट बघत बसलेले असतील, आणि त्यांचा फोन वाजणार असेल.

“मनू, आवाज येतोय ना माझा?” बाबा म्हणाले.

येत होता. इथे कुणी विचारलं, वेअर इज होम, तर मी गेली अकरा वर्षं कधी पुणे म्हणते, कधी साउथहॅम्प्टन, समोरचा माणूस बघून. दोन्ही उत्तरं आता मला खोटी वाटतात. जिथे मला असा साधा प्रश्न विचारणारं माणूस बसलंय, आणि जिथे मान खाली घालून का होईना, खरं तेच सांगावं लागतं, ते माझं घर. त्यांच्या चांगुलपणावर राहून मी तिथली बरीच मोडतोड केली आहे, आणि ते मला तरीही आत घेतात.

“येतोय, बाबा,” मी म्हणाले. “मी ठेवते. मला सायलीला फोन करायचाय.”